नळाचं पहिलं पाणी

न्हाणीघराचं छत चार महिने गळत होतं आणि घरमालकाला ते सांगायचं धाडस नवराबायको दोघांपैकी एकालाही होत नव्हतं. खाली बादली ठेवायची, भरली की ओतायची. उगाच तोंड उघडलं आणि त्याने घर सोडा म्हटलं तर, असं नवरा म्हणायचा आणि तीही मान डोलवायची. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाला पहिली सवय लागते ती गप्प बसायची. या दोघांची ती सवय बारा वर्षं आणि तीन देश एवढी जुनी होती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा यांचा संसार. मुलगी नऊ वर्षांची झाली होती. बोलायला ती एका भाषेत शिकली, लिहायला दुसऱ्या, आणि आता तिसऱ्या भाषेत मैत्रिणींशी झकास भांडत होती. आईबाप मात्र तिन्ही भाषांत "चालेल, काही हरकत नाही" एवढंच सफाईने म्हणायला शिकले होते.

बायको शहराच्या पाणीखात्यात होती. शाळा, दवाखाने, वसतिगृहं अशा ठिकाणच्या नळाचं पाणी बाटलीत भरायचं, प्रयोगशाळेत तपासायचं आणि फॉर्म भरून सही करायची, हे तिचं काम. खात्यात सगळे तिला बाटलीबाई म्हणत. नवख्या माणसाचा त्या नावाने भलताच गैरसमज होई, मग सगळे हसत आणि तीही हसे. तिला तिथे राहण्याचा परवाना मिळाला होता तो या नोकरीवर, आणि नवऱ्याचा नि मुलीचा परवाना तिच्या परवान्यावर. दर दोन वर्षांनी तो वाढवून घ्यायला साहेबांचं शिफारसपत्र लागे. ते पत्र याच महिन्यात लागणार होतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, म्हणजे पुढे तिची बोटं का कापत होती ते वाचकांना विचारावं लागणार नाही.

त्या सोमवारी ती सकाळी सातलाच एका जुन्या प्राथमिक शाळेत पोचली. शनिवार-रविवारची सुट्टी संपून शाळा नुकती उघडत होती. खात्याचा नियम असा, की नळ आधी पाच मिनिटं सोडून ठेवायचा आणि मगच बाटली भरायची. पण त्या दिवशी तिला आणखी तीन ठिकाणी जायचं होतं, आणि घाईत हाताने स्वतःच्या मनाने काम केलं. तिने नळ उघडला आणि बाटली लगेच खाली धरली. आधीच्या देशात सहा वर्षं तिने असंच केलं होतं. तिथे वर्षातले सहा महिने बर्फ असे, आणि तिथल्या प्रयोगशाळेतल्या एका कडक बाईने पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, मूल जे पितं ते बाटलीत भर, नळाला तोंड धुवायला वेळ देऊ नकोस. बाटलीचं झाकण लावल्यावर तिला चूक समजली. पण पुन्हा भरायला वेळ नव्हता.

दुपारी यंत्राने आकडा दाखवला. लिटरभर पाण्यात शिसं जास्तीत जास्त दहा मायक्रोग्रॅम चालतं. आकडा आला एकशे चाळीस.

तिने यंत्र पुसलं, पुन्हा लावलं. एकशे अडतीस. तिला पहिली भीती वाटली ती मुलांसाठी नव्हे, स्वतःसाठी. हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. नियम मोडून नमुना घेतला, आता काय? शिशाला वास नसतो, रंग नसतो, चव नसते. लहान मुलांच्या अंगात ते हळूहळू साठतं आणि डोक्याची वाढ खुंटवतं. हे सगळं तिला पाठ होतं. तरी बाटली हातमोज्यांच्या खोक्यामागे लपवून ती अर्धा तास नुसती बसून राहिली. बाहेर कुणाची पावलं वाजली की ती खोकं आणखी पुढे सरकवायची.

शेवटी ती साहेबांकडे गेली. साहेब काही वाईट माणूस नव्हता. चष्मा कपाळावर चढवून त्याने आकडा पाहिला आणि शांतपणे समजावलं, की नियमाप्रमाणे न घेतलेला नमुना हा नमुनाच नव्हे. तो ओतून टाका, उद्या परत घ्या. दुसऱ्या दिवशी तिने नळ पाच मिनिटं सोडला, मग बाटली भरली. आकडा आला दोन. साहेब खूश झाला.

"बघा बाई, पाणी चांगलं आहे. चूक तुमच्या हाताची होती. फॉर्म स्वच्छ भरून द्या, तुमचं शिफारसपत्रही याच आठवड्यात करून टाकू." ती हलेना तेव्हा तो समजुतीच्या सुरात पुढे म्हणाला, "आणि मी काय म्हणतो, तुमची मुलगी काही त्या शाळेत नाही."

खरंच नव्हती. ती जिना उतरू लागली. तिसऱ्या पायरीवर तिचे पाय थांबले. मुलगी ज्या शाळेत होती त्या शाळेचा फॉर्म कुणी भरला होता? तिनेच. पाच महिन्यांपूर्वी. नळ पाच मिनिटं सोडून, रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी वाहून जाऊ देऊन, नियमाप्रमाणे. "पाणी निर्दोष" असं लिहून खाली स्वतःची सही. मुलगी रोज सकाळी शाळेत गेल्यागेल्या तिथल्या नळावर बाटली भरून घेते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. शहरातल्या चाळीस शाळांचं पाणी असंच तपासलं गेलं होतं. चाळीस शाळांतली मुलं रोज सकाळी काय पितात, हे शहरात कुणालाच माहीत नव्हतं. ती तिथेच पायरीवर बसली.

तळघरात खात्याची दुरुस्तीची खोली होती. तिथला म्हातारा प्लंबर वर येत होता. त्याच्या खिशात नेहमी नळाचे पितळी वायसर खुळखुळत, म्हणून इंजिनिअरांपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला वायसरमामा म्हणत. तोही तिच्यासारखाच बाहेरून आलेला, पण तीस वर्षांपूर्वी. तिचा चेहरा पाहून तो शेजारी टेकला. तिने सगळं सांगून टाकलं.

मामाने शाळा कोणती ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "रस्त्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचा पाइप शिशाचा आहे. मी पाहिलाय."

"कधी?"

"सव्वीस वर्षं झाली. गळती काढायला खणलं होतं. चाकूने खरवडला तर लोण्यासारखा निघाला. मी मुकादमाला म्हटलं, हा बदलायला पाहिजे. तो म्हणाला, तू नवा आहेस, माती लोट. मी तेव्हा तुझ्यासारखाच होतो. परवाना खिशात आणि जीव मुठीत. मी माती लोटली."

तिला वाटलं, तो आता उठून जाईल. पण तो वायसर हातात फिरवत राहिला.

"माझी लेक त्याच शाळेत होती. तिला अक्षरं लागायची नाहीत. आज पस्तिशीची झाली, अजून पत्ता वाचायला मला फोन करते. डॉक्टर म्हणाले, कशामुळे झालं ते सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही. पण माझ्यामुळे नाही झालं, एवढं तरी मला म्हणता यायला हवं होतं, पोरी. तेही म्हणता येत नाही."

आपल्याला हाकलून देतील, हे ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं? आम्ही इथले नाही, मामा, आम्ही पाहुणे.

"पाहुणा आठ दिवस राहतो," मामा म्हणाला. "तू इथलं पाणी पितेस, तुझी लेक पिते. घशाखाली जाणारं पाणी परवाना विचारत नाही. आणि साहेबाशी वैर कर असं कुणी सांगितलंय? त्याला माहीत नाही ते तुला माहीत आहे. का? तर तू दुसरीकडे राहून आलीस, दुसऱ्यांचं काम बघून आलीस. तीन गावांचं पाणी प्यायलीस, त्याचा उपयोग तरी काय, जर तिथलं शहाणपण इथे तोंडातच धरून बसणार असशील?"

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. पुन्हा सामान बांधायचं, पुन्हा मुलीची शाळा, पुन्हा पहिल्यापासून "चालेल, काही हरकत नाही." मग त्याने हळूच विचारलं, मुलीच्या शाळेतलं पाणी कसं आहे. तिने फक्त मान हलवली, माहीत नाही म्हणून. तो उठला, मुलीच्या दप्तरातली बाटली काढून मोरीत उपडी केली आणि म्हणाला, "लिही."

दुसऱ्या दिवशी तिने फॉर्म भरला. नळ सोडल्यावर, दोन. नळ सोडण्याआधी, एकशे चाळीस. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "मुलं नळ पाच मिनिटं सोडून मग पीत नाहीत." सही करताना हात इतका थरथरला, की सही तिची तिलाच ओळखू येईना.

साहेबाने फॉर्म वाचला आणि त्याचा चेहरा लाल झाला. हा कागद वर गेला तर वर्षानुवर्षांच्या फॉर्मांचं काय, असं तो ओरडला. नियम वाचून दाखवला. मग अचानक त्याचा आवाज खाली आला. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की हा माणूसही घाबरला आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंना भीतीच बसली होती. तिला त्यातून थोडं बळ आलं. ती म्हणाली, नियम बरोबर आहे, पण तो जंतू तपासण्यासाठी केलेला आहे. नळाच्या तोंडावरची घाण नमुन्यात येऊ नये म्हणून. शिसं तोंडावर नसतं, रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्यात ते उतरतं, आणि पाच मिनिटांत आपण नेमकं तेच वाहून जाऊ देतो.

"साहेब, मला काढायचं असेल तर काढा," ती शेवटी म्हणाली. "पण उद्या सकाळी सातला एकदा माझ्याबरोबर शाळेत चला."

तो हो म्हणाला नाही. पण सकाळी सातला तो फाटकाशी उभा होता. पहिल्या देशात ती एक गोष्ट शिकली होती, पाण्याचं खरं काय ते भरणाऱ्या बायकांना विचारावं. शाळेत पाणीही भरणाऱ्या झाडूवालीला तिने विचारलं, मुलं सकाळी पाणी कसं पितात. ती म्हणाली, लांबून येणारी पोरं तर नळावर तुटूनच पडतात, घोट घोट पितात, मग प्रार्थनेला पळतात. तिचं बोलणं संपायच्या आतच सात-आठ मुलं पाठीवरची दप्तरं उडवत धावत आली. सगळ्यांच्या पुढे एक बारकी मुलगी होती. तिने नळ सोडला आणि ओंजळ न करता सरळ तोंड लावलं.

"थांब!"

ओरडला तो साहेब. चष्मा कपाळावरून घसरून खाली पडला, तरी तो धावला आणि नळाच्या तोंडावर त्याने तळहात दाबून धरला. पाणी त्याच्या बाहीतून अंगावर उडालं. मुलं घाबरून मागे सरली. बारकी मुलगी ओठ पुसत त्याच्याकडे बघत राहिली. तो तसाच, नळ धरून उभा राहिला.

"बाई," नळ बंद करत तो म्हणाला, "तिकडे नमुना कसा घेतात, ते दाखवा."

त्या दिवशी शाळेतले नळ बांधून टाकले, पिण्याचं पाणी बाहेरून आलं. पुढच्या दोन आठवड्यांत चाळीसही शाळांचं पहिलं पाणी तपासलं. सात शाळांत शिसं सापडलं. पाइप बदलायची कामं निघाली आणि पहिल्या शाळेत खणायला वायसरमामा स्वतः हट्टाने गेला. मुलीच्या शाळेचा आकडा आला तेव्हा ती यंत्रासमोर एकटीच होती. तीन. ती ढसाढसा रडली. मग सात शाळांची यादी शेजारीच पडलेली दिसली आणि आपल्या आनंदाची तिला लाज वाटली. तिथल्या मुलांनाही आया होत्या.

साहेबाने शिफारसपत्र दिलं. परवान्याच्या कचेरीतून मात्र अजून उत्तर आलेलं नाही, आणि दारात पोस्टमन दिसला की तिच्या छातीत आजही धडधडतं. भीती गेली असं कुणी सांगेल तर वाचकांनी विश्वास ठेवू नये. फरक एवढाच, की आता भीती वाटते म्हणून ती गप्प बसत नाही.

वाचकहो, आपल्यातला प्रत्येकजण कुठे ना कुठे बाहेरून आलेला असतो. कुणी दुसऱ्या देशातून, कुणी दुसऱ्या गावातून, कुणी सासरी, कुणी नव्या कचेरीत. आपण भले, आपलं काम भलं, असं म्हणून माती लोटणं तिथे फार सोपं असतं. पण चार ठिकाणी राहून माणूस जे शिकतो ते मिरवायला नसतं, नव्या जागी कामाला लावायला असतं. पाणी, हवा, माती यांच्याबाबतीत कुणी यजमान नाही आणि कुणी पाहुणा नाही. मुलांच्या तोंडात चुकीचं काही जाताना दिसलं, की "थांब" म्हणायचा हक्क मागायचा नसतो. तो हात पुढे करून बजावायचा असतो, थरथरता असला तरी.