सेनापतीच्या डावीकडची जागा

"अगं, हे सगळे सेनापतीला सोडून निघाले कुठे?" बाबांनी पडद्याकडे बोट केलं.

"सोडून नाही, बाबा. हल्ला करताहेत. ही आमची सगळ्यात दणकट तुकडी."

"अंगरक्षक ना हे?"

"हो."

"मग हल्ला कसला करताहेत?"

मुलगी कॉम्प्युटर गेम बनवणाऱ्या कंपनीत होती. रोमन लढायांच्या नव्या गेममधल्या ढाली, पोशाख, तुकड्या इतिहासाला धरून आहेत की नाहीत, हे तपासणं तिचं काम. आणि बाबांनी सत्तावीस वर्षं एका कारखानदाराचा अंगरक्षक म्हणून नोकरी केलेली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी हॉटेलात ते दाराकडे तोंड करूनच बसत.

लढाई जिंकली. चोवीसपैकी अकरा अंगरक्षक पडले. मुलीने एक बटण दाबलं, गेममधला दुसरा दिवस उजाडला आणि सेनापतीभोवती पुन्हा चोवीस घोडेस्वार उभे.

"ते अकरा?"

"आपोआप भरतात. बऱ्याच गेममध्ये असंच असतं."

बाबा उठून स्वयंपाकघरात गेले. धुतलेला कप त्यांनी पुन्हा धुतला. परत आले ते बोलतच.

"खांब आठवतो तुला?"

"खांबकाका? मला उचलून छताला हात लावू द्यायचे ते? त्यांची बदली झाली ना?"

"बदली नाही झाली. तू लहान होतीस, म्हणून तसं सांगितलं. साहेबांच्या डावीकडे तो, उजवीकडे मी. एका उद्घाटनाला गर्दीतल्या माणसाने सुरा काढला. साहेबांच्या शर्टाची घडीसुद्धा मोडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डावीकडे नवा माणूस हजर. माझ्या खांद्याला लागेल एवढा. साहेब गाडीत बसताना सवयीने म्हणाले, 'खांब, दार लाव.' आणि त्याने लावलं."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"ड्युटीवर होतो."

पुढच्या आठवड्यात मुलगी त्यांना ऑफिसला घेऊन गेली. तिचा टीमप्रमुख तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा. तिने टिपणं पुढे केली: सेनापतीचे स्वार त्याच्या आसपास राहत, निरोप नेत-आणत, खुद्द सेनापतीवर तलवार उपसायची वेळ आली, तर बहुतेकदा लढाई हाताबाहेर गेलेली असे.

"सगळं मान्य," प्रमुख म्हणाला. "पण काका, लोकांना धडक हवी असते. अंगरक्षक नुसते उभे राहिले तर खेळणार कोण?"

"खरं आहे," बाबा म्हणाले. "आमचं काम तिकीट काढून बघण्यासारखं नव्हतंच कधी."

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिला वाटलं, उगीच आणलं यांना.

"धडक राहू द्या," बाबा पुढे म्हणाले. "फक्त माणसं लगेच भरू नका."

"म्हणजे?"

"गेलेल्याची जागा एक दिवस रिकामी ठेवा. मग खेळणाऱ्याने स्वतः भरावी. आपोआप नको."

प्रमुखाने शेजारच्या टेबलावरच्या प्रोग्रॅमरकडे पाहिलं. ती स्क्रीनवरून नजर न काढताच म्हणाली, "गेममधला एक दिवस ना? होईल की. फार काही करावं लागणार नाही."

"पण खेळणारे वैतागतील," प्रमुख म्हणाला.

"वैतागू देत," बाबा शांतपणे म्हणाले. "एक दिवसच तर आहे."

प्रमुखाने जरा वेळ पेन टेबलावर वाजवलं आणि मग वहीत लिहून घेतलं.

गेम बाजारात यायला सात महिने गेले. पहिल्या रविवारी सकाळी बाबा कॉम्प्युटरसमोर बसले. माऊस त्यांच्या हाताखालून सारखा निसटत होता. सेनापतीला त्यांनी टेकडीवर मागे ठेवलं, तरी एक टोळी बाजूने वर घुसलीच. एक अंगरक्षक पडला.

गेममधल्या दुसऱ्या दिवशी सेनापती तेवीस जणांना घेऊन निघाला. डावीकडे एका घोड्याएवढी जागा मोकळी होती. कुणी सरकून ती भरली नाही. बाबांनी त्या दिवशी लढाई घेतली नाही. सैन्य संथपणे रस्त्याने चालत राहिलं, आणि ते बघत राहिले.

दिवस संपला. भरतीचं बटण उजळलं.

"बाबा, भरा आता."

"भरतो."

त्यांनी माऊसचा बाण बटणावर नेऊन ठेवला. मग खुर्ची मागे सारून ते उठले, ड्युटीवर राहायचे तसे हात पँटच्या शिवणीला लावून क्षणभर ताठ उभे राहिले, आणि उभ्यानेच वाकून बटण दाबलं.