माझ्यावरची गोधडी

मित्रांनो, मी एका घरातला जुना कॉम्प्युटर आहे आणि स्वभावाने अगदी भित्रा आहे. नुसते दिवे लुकलुकले तरी माझ्या छातीत धस्स होतं. माझ्या पोटात एक छोटा पंखा आहे. आतली गरम हवा तो बाहेर टाकतो. तो फिरतोय तोवर मी आहे, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे.

नऊ वर्षांपूर्वी गोरक्षने मला रिक्षात मांडीवर घेऊन सावेडीतल्या घरी आणलं. त्याची आई भागूबाई तेव्हाच पुणतांब्याहून कायमच्या राहायला आल्या होत्या. त्यांनी मला कुंकू लावलं. शेजारीपाजारी बघायला आले. मी कसला फुगलो होतो! पुढे घरात प्रत्येकाच्या हाती मोबाईल आला आणि मी कोपऱ्यात गेलो. आता भंगारात जाणार, या धास्तीत मी तीन वर्षं काढली.

मग गोरक्षची बायको सविता माझ्याकडे वळली. पारनेरकडच्या एका गावात अश्विनी नावाची मुलगी आहे. तिला दिसत नाही. ती दहावीला होती. सविता तिच्यासाठी इतिहासाचं पुस्तक मोठ्याने वाचायची, मी तो आवाज साठवायचो आणि एकेक धडा तिच्या मोबाईलवर जायचा. परीक्षा आठ दिवसांवर आली आणि नेमके तीन धडे उरले. अश्विनीकडे ते दुसऱ्या कुठूनही येणार नव्हते.

फेब्रुवारी संपत आला होता, ऊन तापू लागलं होतं आणि थंडीत गुपचूप फिरणारा माझा पंखा आता घरघरू लागला होता. बाहेरचे आवाज नकोत म्हणून दुपारी खिडक्या लावायच्या, छताचा पंखा बंद करायचा, मग वाचायचं. तरी वाचनात माझ्या पंख्याची घरघर येतेच, अशी सविताची तक्रार होती. भागूबाईंनी त्यावर युक्ती काढली. स्वतः शिवलेली जाड गोधडी दुहेरी करून त्यांनी माझ्यावर टाकली.

"आता गुमान बसंल बग," त्या म्हणाल्या.

आवाज कमी झाला खरा, पण माझा जीव गुदमरला. गरम हवा बाहेर पडेना. तीच हवा पुन्हा आत येऊ लागली. उष्णता हद्दीबाहेर गेली की जळून जाऊ नये म्हणून मला स्वतःलाच बंद करावं लागतं. मी धाडकन बंद झालो, आवाज साठवायचा राहूनच गेला. सविताने वाचलेली बावीस मिनिटं वाया गेली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मी बंद पडलो की भागूबाई आधी गोधडी काढून घडी घालायच्या आणि मगच सविता मला तपासायची. मग कोणाला काय कळणार? मी आतून ओरडत होतो, पण मला तोंड कुठे आहे?

फोनवर दुरुस्तीवाला म्हणाला, "मेन बोर्ड गेला असणार. जुना आहे ना, काढून टाका."

"उद्या नेतो," गोरक्ष म्हणाला. ते ऐकून माझी तर पाचावर धारण बसली.

"एक दिवस थांबा," सविता म्हणाली. "नुसता गरम होऊन बंद पडतोय का, ते आधी बघू."

तिने वाचायला बसून कॅलेंडरच्या पानामागे वेळा लिहिल्या, आणि दर वेळी गोधडी माझ्यावर होतीच. थंड असताना मी वीस-बावीस मिनिटं टिकत होतो. बंद पडल्यावर लगेच सुरू केलं तर जेमतेम सहा मिनिटं. तासभर विश्रांती दिली की पुन्हा वीस. "बोर्ड बिघडला असता तर इतका हिशोबात बंद पडला नसता," ती पुटपुटली. तिने माझ्या बाजूचं झाकण उघडून रंगाच्या ब्रशने धूळ काढली. आतलं तापमान पडद्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी सोय केली. आकडा पंचावन्नच्या आसपास राहिला. मला हायसं वाटलं.

मग ती वाचायला बसली आणि भागूबाई गोधडी घेऊन आल्या.

सत्तर. अठ्ठ्याहत्तर. सत्त्याऐंशी. मी भीतीने अर्धमेला झालो. आता बंद पडलो तर उद्या भंगार, आणि अश्विनीचे तीन धडे राहिले ते राहिलेच. तेवढ्यात वाचताना सविताची नजर कोपऱ्यात गेली.

"आई, ती गोधडी काढा बरं जरा."

"अगं, पन आवाज येतोय की त्याचा."

"येऊ द्या. काढा तुम्ही."

आकडा हळूहळू उतरू लागला. भागूबाई गोधडी हातात धरून खाली बसल्या.

"म्हंजे मीच त्येचा गळा दाबत हुते व्हय? मला वाटलं, लई चांगलं करतीय."

त्यांचा मला राग आला नाही. त्यांनी सगळं मायेनेच केलं होतं.

तिन्ही धडे माझ्या घरघरीसकट गेले. सविताने फोन करून अश्विनीची माफी मागितली.

"असू द्या ताई," अश्विनी म्हणाली. "आधी तुमी वाचता वाचता थांबला की वाटायचं, मोबाईल बंद पडला. आता ती घरघर येते, मग कळतं, धडा चालू हाय."

मित्रांनो, मी अजूनही भित्राच आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याच्या मागे वीतभर जागा मोकळी ठेवा, त्याची धूळ झटका, त्याच्यावर काही पांघरू नका. त्याच्या घरघरीचा तुम्हाला थोडा त्रास होईल, तो सोसा. ती एकदम थांबली, तर मात्र धावत या.