दांड्याचं कुलूप

मार्चपासून मी एका बटणाच्या मागे होते. या वयात बायका कशाकशाच्या मागे असतात, मी बटणाच्या.

बाबाची अडुसष्ट सालची शेव्हेल गाडी जुलैच्या प्रदर्शनात उतरवायची होती, 'दुसरा दिवस' या वर्गात. या वर्गाचा नियम सोपा, म्हणून जीव खाणारा. नवी गाडी घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून मालकाने तिच्यात ज्या उचापती केल्या, त्या जशाच्या तशा दिसल्या पाहिजेत, त्याच काळच्या वस्तूंनी. काचेमागे एक पांढरं कार्ड लावायचं. त्यावर प्रत्येक वस्तू आणि तिचं साल मालकाने स्वतःच्या हाताने लिहायचं. एक बोल्ट दहा वर्षांनी धाकटा निघाला की गुण कापले.

बाबा एकाहत्तर साली दर शनिवारी शर्यतीला जायचा. त्याची गाडी पहिली यायची ती लाइन-लॉकमुळे. लाइन-लॉक म्हणजे पुढच्या चाकांच्या ब्रेकला घातलेलं कुलूप. ब्रेक दाबायचा, कुलूप लावायचं, पाय उचलायचा आणि इंजिन पेटवायचं. पुढची चाकं हलत नाहीत, मागची जागच्या जागी गरगरून धूर काढतात. टायर तापतात, रस्त्याला चिकटतात. बाबाचं कुलूप विजेचं, गिअरच्या दांड्यावरच्या लाल बटणाचं. त्या बटणाची गोष्ट मी बाळगुटीबरोबर प्यायलेय. अख्ख्या जिल्ह्यात पहिलं बटण डेलमर क्राइट्झरचं, म्हणजे बाबाचं, आणि त्या बटणामुळे हरलेला व्हर्जिल स्टँपर अजून जिवंत आहे आणि दर रविवारी चर्चमध्ये आमच्या मागच्या बाकावर बसतो.

नवं लाइन-लॉक दुकानात मिळतं. वीस मिनिटांत बसतं आणि जुन्यापेक्षा बरं चालतं. पण ते चमकतं. जुन्यासारखं बनवलेलं नवंही मिळतं. त्याच्या तारेवरचं वेष्टण प्लास्टिकचं असतं आणि परीक्षक आधी तारच बघतात. मला हवं होतं पितळी अंगाचं, कापडी तारेचं, शाईचा शिक्का अर्धा पुसलेलं. त्यासाठी मी तीन जुने बाजार पालथे घातले. पहाटे पाचला, ओल्या गवतात, हातात टॉर्च धरून, गंजलेल्या लोखंडाच्या ढिगांवरून. शेवटी ओहायोत एका आजोबांच्या कॉफीच्या डब्यात ते बटणासकट सापडलं. गाडीत येऊन बसले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त बूट काढावेसे वाटले.

ते बसवायच्या आधी डॅशबोर्डखालची धूळ काढायला म्हणून मी पाठीवर झोपले, पाय सीटवर, मान पेडलांमध्ये. तिथे भोकं दिसली. डॅशबोर्डच्या खालच्या कडेला दोन भोकं, एकमेकांपासून तीन इंचांवर, शिसं भरून रंगवलेली. आणि इंजिनाकडच्या पत्र्यात आणखी दोन, ब्रेकच्या नळीएवढी, रबरी बुचं लावलेली. मी बराच वेळ तशीच पडून राहिले. एक तर उठायचा कंटाळा. दुसरं म्हणजे विजेच्या लाइन-लॉकला या ठिकाणी काही कामच नसतं. ते इंजिनापाशी बसतं आणि आत येते ती फक्त एक तार.

"बाबा, ही भोकं कसली?"

बाबा स्टुलावर बसून कॉफी पीत होता. "रेडिओची."

"रेडिओत ब्रेकचं तेल कधीपासून घालायला लागले?"

"तू तुझ्या आईवर गेलीस," तो म्हणाला. "तिलाही बुजवलेली भोकं बरोबर सापडायची."

मग त्याने कप खाली ठेवला. मी सरपटत बाहेर आले आणि त्याच्या पायाशी फरशीवर बसले. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाची वाट बघायची तर खाली बसूनच बघावी.

"बटण होतं," शेवटी तो म्हणाला. "खरंच होतं. चौघांना दाखवून बसवलं. पहिल्याच शनिवारी सुरुवातीच्या रेषेवर उभा राहिलो, आमच्या आधीच्या दोन गाड्या हलेनात, मी आपला बटण दाबून बसलो. दाबूनच बसलो. धूर आला तो टायरचा नव्हता, लोर्ना. कुलपातली तारेची गुंडाळी जळली."

"मग?"

"मग काय. मी नगरपालिकेच्या कचऱ्याच्या ट्रकांचा मिस्त्री. कारखान्यातले मला 'हात लावीन तिथे वीज' म्हणायचे. त्यांना काय सांगू, दोन तारा सांभाळता आल्या नाहीत? एक ट्रक भंगारात निघाला होता. त्याचं चढावर थांबायचं कुलूप काढलं, दांड्याचं. डॅशबोर्डखाली बसवलं. वर्षभर त्याच्यावरच जिंकलो. उजवा हात बटणावर ठेवायचो, लोकांसाठी. डाव्याने खालचा दांडा ओढायचो."

"आणि बटण?"

"कशालाच जोडलेलं नव्हतं."

मी हसले असते, पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पन्नासाहून जास्त वर्षं माणूस एक गोष्ट सांगतो आणि ती लेकीला मान पेडलात अडकलेली असताना कळते.

"हे बघ," मी म्हटलं, "बटणवालं बसवते. साल बरोबर आहे, शिक्का आहे, कोणी विचारणार नाही. व्हर्जिलही खूश. कार्ड तूच लिहायचं आहेस, तेव्हा तूच ठरव."

त्याने दोन दिवस घेतले. या दोन दिवसांत तो मला मीठ दे म्हणण्यापलीकडे काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तळघरातून हळूहळू, एकेका पायरीवर थांबत वर आला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं. दांड्याचं कुलूप. हिरव्या रंगाचे पोपडे अजून चिकटलेले.

"हे लाव," तो म्हणाला. "आणि बटणही लाव. दोन्ही होती."

"तार?"

"लोंबत राहू दे. तशीच होती."

मी आतली रबरं बदलली, नळ्या वाकवल्या, दोनदा गळाल्या, तिसऱ्यांदा नाही गळाल्या. ओहायोचं ते पितळी अंग पुन्हा कॉफीच्या डब्यात गेलं. तीन बाजार फिरून माझ्या वाट्याला फक्त बटण आलं.

प्रदर्शनाच्या दिवशी बाबाने कार्ड लिहिलं, ठोकळा अक्षरांत. 'ब्रेकचं कुलूप: दांड्याचं, ट्रकचं, १९७१.' त्याखाली 'बटण:' आणि पुढे काहीच नाही. मी ती रिकामी जागा बघितली. तो मला म्हणाला, "जागा संपली." बोटभर जागा होती.

परीक्षक अकराला आला. उन्हात रापलेला, नाकावर मलम थापलेला, बोलणं मोजूनमापून. व्हर्जिल स्टँपर आधीच येऊन उभा होता, पँटच्या पट्ट्यांत अंगठे अडकवून. परीक्षक आत वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. दांड्यावर त्याने बोट फिरवलं आणि मान डोलावली.

"हे सुरेख आहे," तो म्हणाला. "पण गिअरवरच्या बटणाची तार मोकळी आहे. अपूर्ण काम. दोन गुण वजा."

"बघ," व्हर्जिल म्हणाला, "लेक घाईत विसरली वाटतं."

दोन गुण म्हणजे पहिल्या बक्षिसाची ढाल गेली, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मला वाटलं, बाबा गिळेल. चूक माझ्यावर ढकलली तरी मला चालणार होतं. मी इतकी थकले होते की चूकही माझ्या नावावर चालली असती.

"तिने काही विसरलेलं नाही!" बाबा ओरडला. शेजारच्या दोन गाड्यांचे मालक वळले. "ती तार कधी जोडलेलीच नव्हती! जळालं होतं ते बटण, पहिल्याच दिवशी, मीच जाळलं, येड्यासारखा दाबून बसलो! वर्षभर मी त्या कचऱ्याच्या दांड्यावर जिंकलो. लिही! मोकळी तारच बरोबर आहे, लिही तसं!"

परीक्षकाने पेन वर धरलं. "याला काही पुरावा? फोटो, पावती?"

"माझी अब्रू चालेल का? आत्ताच दिली की."

"कार्डावर नाही," परीक्षक म्हणाला. आवाज मऊ होता, पण वजा दोन तसेच राहिले. तो पुढच्या गाडीकडे गेला.

व्हर्जिल बाबाकडे बघत होता. चर्चच्या बाकावरून जितकी वर्षं त्याने बाबाच्या मानेकडे बघितलं असेल, ती सगळी मोजल्यासारखा.

"दांड्यावर?" तो म्हणाला.

"दांड्यावर."

"हरामखोरा. तुझं बघून मी बटण घेतलं. जळलं. वाटलं, मलाच जमत नाही. दुसरं घेतलं. तेही जळलं."

"किती वेळ धरलंस?"

"दहा-बारा सेकंद."

"हॅ! मी वीस धरलं होतं."

"वीस? झोपला होतास काय, डेलमर?"

मी घडीच्या खुर्चीत बसले. कोणीतरी हातात तळलेल्या मांसाचा पाव दिला, मांस पावाच्या चारी बाजूंनी बाहेर आलेलं. मी कडेकडेने खात राहिले. ते दोघे गाडीत शिरले होते, दोन्ही दारं उघडी, चार म्हातारे पाय बाहेर. बाबा व्हर्जिलचा डावा हात धरून डॅशबोर्डखाली नेत होता. मी बूट काढले.