सातवीच्या दाराजवळची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. लिहायची नव्हे, न्यायची. सातवीच्या वर्गात दाराजवळच्या खिळ्याला मी लटकते. तास चालू असताना बाहेर जायचे तर बाईंना विचारायचे आणि मला हातात घेऊन जायचे. मी जागेवर नसले तर दुसऱ्याने थांबायचे.

शाळेच्या सुताराने मोडक्या बाकाची फळी कापून, रंधा मारून मला घडवले आणि वर निळ्या रंगात 'बाहेर' एवढेच लिहिले. तेव्हा माझी काय ऐट होती! गणिताच्या तासाला तर अर्ध्या वर्गाला एकदम तहान लागायची. पुढे पोरांनी माझी बॅट केली, रंग उडाला. टंगळमंगळ करणाऱ्यांचा बहाणा एवढीच माझी किंमत उरली, आणि ते मला फार लागले.

मग तिसऱ्या बाकावरची मुलगी पंधरा दिवसांनी शाळेत आली. तिचे बाबा अचानक गेले होते. ती यायच्या आधी बाईंनी वर्गाला बजावले होते, की तिच्यासमोर बाबांचा विषय काढू नका. मुले भारीच शहाणी. त्यांनी सगळेच विषय बंद केले. ती दिसली की हसणे थांबे. दुपारी तिला भरून आले. बाहेर जाऊ का, हे विचारायला ती उभी राहिली, तशा सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि ती न विचारताच खाली बसली. नंतर दोन दिवस ती फाटकातूनच परत गेली.

शाळा कायमची सुटते की काय, या धास्तीने तिची आत्या तिला घेऊन मधल्या सुट्टीत वर्गात आली. बाईंनी आत्याला नाही, तिलाच विचारले, "तुला सगळ्यात जड काय जातं?"

"रडू आलं तरी विचारावं लागतं. सगळे बघतात."

"मग विचारू नकोस. पाटी उचल आणि जा. फक्त शिपाईमावशींकडेच जा, म्हणजे मला घोर नाही."

त्या आठवड्यात मी दिवसातून चार-चारदा बाहेर गेले. मावशी तिला स्टुलावर बसवत, पाणी देत आणि अवाक्षर विचारत नसत. ती मला छातीशी धरून रडायची. हळूहळू चारदाचे दोनदा झाले.

एकदा भाषेच्या तासाला नवा धडा निघाला. त्यात पानोपानी बाबा! वाचणारा मुलगा तो शब्द गाळून पुढे गेला. त्याच्या पुढच्यानेही तेच केले. धड्यातली सायकल आपोआप चालायला लागली, चहा आपोआप संपायला लागला. ती उठली, तिने मला खिळ्यावरून काढले. मला वाटले, आता ही घरीच जाणार. पण ती दारात थांबली आणि वळली.

"बाबा वाच ना," ती म्हणाली. "माझे गेलेत. धड्यातले आहेत अजून."

हसावे की रडावे, कोणाला कळेना. पहिल्यांदा तीच हसली. बाई म्हणाल्या, चूक माझीच होती. मग तिच्या शेजारणीने चाचरत सांगितले, "माझ्या सायकलची चेन तुझ्या बाबांनीच बसवून दिली होती."

"कधी? सांग ना," असे म्हणत तिने मला खिळ्याला अडकवले आणि ती जागेवर जाऊन बसली. मला एकदम हलके वाटले. दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी वर्गात हजर होती.

मित्रांनो, तुमच्या वर्गात असे कोणी परत आले, तर त्याला हवे तेव्हा उठून जाऊ द्या. आणि जागेवर परत आले, की त्याच्या गेलेल्या माणसाबद्दल बोलायला घाबरू नका.