खाटेशेजारचे स्टूल

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी स्टूल आहे. ज्या मिस्त्रीने माझे पाय जोडले, त्याला त्या दिवशी जेवायची घाई होती. त्यामुळे माझा एक पाय जरा आखूड राहिला. तरी नवा हिरवा रंग लावून मी मोठ्या ऐटीत रुग्णालयात आले.

बायकांच्या वॉर्डात एका खाटेशेजारी माझी नेमणूक झाली. रुग्णाजवळ कोणीतरी बसावे, एवढेच माझे काम. पण बसायला वेळ कोणाला! डॉक्टर उभ्याउभ्या बोलत आणि निघून जात. नातेवाईक माझ्यावर पिशव्या रचत. नर्सिंग शिकणाऱ्या मुली कडक इस्त्रीचे गणवेश घालून येत आणि ट्रे ठेवायला तेवढे मला जवळ ओढत. मला फार वाईट वाटे.

त्यांच्यातल्या एकीला बारीक आवाजामुळे सगळ्या चिमणी म्हणत. तिच्या वाट्याला माझ्या खाटेवरच्या आजी आल्या. आजी शिवणकाम करून एकट्या राहत. मधुमेहामुळे त्यांच्या पायाची जखम चिघळली होती. पहिल्याच दिवशी चिमणी पट्टी बदलायला आली. "अजिबात दुखणार नाही हं, आजी," असे म्हणत तिने जखमेला चिकटलेली कोरडी पट्टी ओढली. आजी कळवळल्या.

"खोटारडी! हात लावू नकोस मला!"

तेव्हापासून आजींनी पायावरची चादर मुठीत घट्ट धरली. त्या कोणालाच पट्टी सोडू देईनात. समजावून सगळे थकले. जखम आतून पसरू लागली, आता पाय जाणार अशी कुजबुज सुरू झाली. चिमणीचे रडून रडून डोळे सुजले. शेवटी मोठ्या सिस्टर तिला म्हणाल्या, "रडून काय होणार? जा, नुसती बस त्यांच्याजवळ."

चिमणी माझ्यावर बसली. मग ती म्हणाली,

"आजी, त्या दिवशी मी खोटं बोलले. मलाच भीती वाटत होती. आज दुखेल. पण पट्टी आधी भिजवून घेते, आणि तुम्ही 'थांब' म्हणालात की लगेच हात काढते."

"बघू," आजी म्हणाल्या.

चिमणीचे बोट लागायच्या आतच आजी ओरडल्या, "थांब!" तिने हात मागे घेतला. पुन्हा "थांब!" पुन्हा हात मागे. आजींनी तिची चांगलीच परीक्षा पाहिली, पण चिमणीच्या कपाळावर आठी उमटली नाही. मग आजींनी स्वतःच चादर बाजूला केली. पट्टी होईपर्यंत त्या तिला काज कसे करायचे ते शिकवत होत्या.

पण मधले दिवस हातचे गेले होते. विष रक्तात भिनले होते. पाय कापला, तरी उपयोग झाला नाही. शेवटच्या दुपारी काम संपल्यावरही चिमणी घरी गेली नाही. ती माझ्यावर बसून राहिली. आजींनी डोळे किलकिले केले.

"आहेस का गं?"

"आहे, आजी."

"दुखतंय."

"हो, आजी. दुखतंय ना खूप."

आजींनी तिचा हात धरला आणि डोळे मिटले. ती बोटे नंतर चिमणीलाच हळूहळू सोडवावी लागली. मित्रांनो, त्या वेळी मला रडता आले असते, तर मीही रडले असते.

तुमच्यापैकी कोणी उद्या रुग्णांची सेवा करायला जाल. माझी एवढीच विनंती आहे. रुग्णाला हात लावण्याआधी घटकाभर त्याच्याजवळ बसा. दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगा. आणि हे पहिल्याच दिवशी करा. आमच्या आजींना पुढचे दिवस मिळाले नाहीत.