छपरावरचा पाहुणा

माझा काका कारखान्याच्या छपरावरून पडून मेला. आता हे वाक्य खोडा. कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणे असं काही घडलेलंच नाही, आणि एवढा मोठा कारखाना उगाच कशाला खोटं बोलेल.

काका गळके पत्रे काढून नवे बसवायचा. मी त्याचा पुतण्या आणि त्याचा अख्खा कर्मचारीवर्ग. काम ठेकेदाराचं, छप्पर कारखान्याचं, पाय आमचे.

फाटकावर कारखान्याच्या कामगारांना हेल्मेट आणि उंचावर कमरेला बांधायचा पट्टा मिळतो. ठेक्यावरच्यांना गळ्यात अडकवायला एक बिल्ला मिळतो, त्यावर लिहिलेलं असतं 'पाहुणा'. काका खूश व्हायचा. म्हणायचा, "सासरीसुद्धा एवढ्या मानानं कुणी आत घेतलं नाही रे." त्यानं पट्टा मागितला तेव्हा पहारेकरी म्हणाला, पट्टे कामगारांना, पाहुण्यांनी कशाला त्रास घ्यायचा.

छपरात मधेमधे उजेडासाठी प्लास्टिकचे पत्रे होते. आत ऊन फार येतं म्हणून कारखान्यानं तेही करड्या रंगानं रंगवले होते. वरून सगळे सारखे दिसायचे. कोणत्या पत्र्यावर पाय द्यायचा नाही, हे दरवर्षी सगळ्या कामगारांना हॉलमध्ये बसवून सांगतात. ते कामगार छपरावर कधीच चढत नाहीत.

काका वरून म्हणाला, "खिळे दे रे जरा." मी खिळे काढेपर्यंत तो स्वतःच घ्यायला खाली आला.

सुरक्षा अधिकारी हेल्मेट घेऊन धावत आले. त्यांनी ते काकाशेजारी ठेवलं, फोटो काढला आणि हेल्मेट परत घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दोन नव्या पाहुण्यांनी छपराला पडलेलं भोक बुजवलं.

वस्तीत बोलणं सुरू झालं की, पिऊन पडला असेल. काकूला आता एकच हवं होतं: काका काम करताना पडला, एवढं कारखान्यानं म्हणावं. तेवढ्यासाठी मी तिला कारखान्यात घेऊन गेलो.

अधिकाऱ्यांनी पाणी दिलं आणि कायदा समजावला. आवारात काम करणारा ठेक्यावरचा असला, तरी त्याला धोका सांगणं, साधनं देणं ही कारखान्याची जबाबदारी. कायदा अगदी स्पष्ट आहे. काकू म्हणाली, मग झालं तर. ते म्हणाले, पण पाहुण्यांना छपरावर जायला मनाई आहे. म्हणजे तुमचे यजमान छपरावर नव्हतेच. जो वर नव्हता तो पडेल कसा?

शेजारी बसलेल्या ठेकेदारानं मान डोलावली. त्याच्या मते काका कुणाचा नोकर नव्हता, स्वतःचा मालक होता. म्हणजे काकाला पट्टा न दिल्याबद्दल काकालाच पकडायला हवं होतं, पण ठेकेदार माणुसकीखातर गप्प होता.

काकूनं विचारलं, "मग आमचे हे मेले कशानं?"

"वहिनी, ते त्यांचं खासगी," अधिकारी म्हणाले.

ती उठली. पदरानं तोंड पुसलं, ग्लास पालथा ठेवला.

फाटकावर पहारेकऱ्यानं मला अडवलं. काकाचा बिल्ला परत आलेला नाही, आणि बिल्ला परत येईपर्यंत पाहुणा आतच धरला जातो, असा नियम आहे. नियम ऐकून काकू पहिल्यांदा रडली. मी तिथेच कागद मागून घेतला.

महोदय, आपल्या म्हणण्यानुसार माझे काका पडलेले नाहीत, आणि आपल्या नियमानुसार ते आवाराबाहेरही गेलेले नाहीत. मी त्यांना शेवटचं उभं पाहिलं ते आपल्या छपरावर. तरी त्यांना पट्टा व हेल्मेट देऊन, खालून शिडी धरून, आपल्या जबाबदारीवर सुखरूप उतरवावे व आज संध्याकाळच्या आत घरी पाठवावे, ही नम्र विनंती.