शेपटीतला सासरा

जावयाच्या कामात सासऱ्याने लक्ष घालू नये, असं शहाणी माणसं सांगतात. मी घातलंही नव्हतं. त्याचा विसरलेला चष्मा द्यायला तळ्याकाठच्या शेडवर गेलो होतो, एवढंच.

तिथे त्याचं यंत्र तरंगत होतं. खालून होडी, वरून विमान. पाण्याच्या पुरुषभर वरून, आखूड पंखांखाली दाबलेल्या हवेवर ते घसरत जाणार, असा त्याचा दावा. कामगार त्याला बदक म्हणत. त्या दिवशी बदकाचं नाक पाण्यात होतं आणि शेपटी वर.

"बाबा, जरा मागे बसून बघता? दोनच मिनिटं."

बसलो. नाक वर आलं. जावई ओणवा होऊन पाण्याची रेघ न्याहाळत राहिला आणि मग त्याने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या प्रेमाने त्याने माझ्या मुलीकडे पाहिल्याचं मला तरी आठवत नाही.

त्यानंतर टाकी, बॅटरी, पंख, सगळं पुढे चालवायला तो आणि मागे माझं वजन, या हिशोबाने पक्कं झालं.

"वाळूची पोती ठेव की," मी म्हणालो.

"वाळू भिजली की जड होते, बाबा. तुम्ही भिजलात तरी तेवढेच."

मुलीने न्हाणीघराबाहेर वजनकाटा आणून ठेवला. घास वाढवला की ती ताट उचलायची. कमी केला की कपाळाला हात लावून ताप बघायची. एकदा मी चिडून उपास धरला, तर जावयाने माझ्या कोटाच्या खिशात लोखंडाचा तुकडा टाकला आणि वर कोटाचं बटणही लावून दिलं. म्हातारपणी माणसाचा घराला भार होतो म्हणतात. इथे माझा भार नसता तर घर बुडालं असतं.

मागची जागा म्हणजे कपाटाचा खालचा कप्पा. गुडघे टाकीला, डोकं छताला. बशीएवढ्या खिडकीतून दिसायचं फक्त पाणी. इंजिन सुरू झालं की माझी कवळी माझ्या परवानगीशिवाय बोलायला लागायची.

"यंत्र विकत घेणाऱ्या कंपनीची माणसं बघून जाईपर्यंत बाबा," मुलगी म्हणाली. "मग सुटलात."

"त्यांनी घेतलं तर पुढे वर्षभर चाचण्या आहेतच," आतल्या खोलीतून जावई उत्साहाने म्हणाला.

म्हणजे उडालं तर मी अडकलो आणि बुडालं तर आम्ही सगळेच.

कंपनीची माणसं आली आणि बदक उडालं. तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं, वळलं आणि परत आलं. धक्क्यावर टाळ्या वाजल्या. आता नेहमीसारखं काठावरच्या विंचने दोर गुंडाळत आम्हाला उतारावरून जमिनीवर ओढायचं, की झालं. विंच मात्र ऐन वेळी रुसली. कामगारांनी दोर टाकून बदक धक्क्याला लावलं.

पुढच्या सीटवरचा जावई आपल्या दाराला हात घालणार, तेवढ्यात थबकला.

"बाबा, हलू नका."

"मी इथे कधी हललोय?"

छत पावसात गळू नये म्हणून त्याने दारं बाजूला, अगदी खाली बसवली होती. पाऊस वरून येतो, हे त्याच्या ध्यानात होतं. पाणी खालीही असतं, हे राहून गेलं होतं. तो उतरला तर शेपटी खाली जाणार आणि माझं दार पाण्याखाली. मी उतरलो तर त्याचं.

"आतापर्यंत आपण जमिनीवरच उतरत आलो," तो पुटपुटला.

"मग आता?"

"विंच दुरुस्त करावी लागेल."

"कोणाला येते?"

"मला."

धक्क्यावर कंपनीचा मोठा साहेब हात पुढे करून उभा होता. मोठा म्हणजे सर्वार्थाने, अंगाने तर थेट माझ्याएवढा. जावई आतूनच त्याच्याकडे बघून हसत राहिला. नवरदेव फोटोसाठी हसतो तसं, संपता संपेना. साहेबाचा हात हळूहळू खाली येऊ लागला.

मी माझं दार अलगद उघडलं. "साहेब, खरी मजा मागच्या सीटवर आहे. लांबून काय कळणार?"

"बाबा," पुढून दबका आवाज आला.

साहेब खूश झाला. त्याने एक पाय आत टाकला तसा मी एक बाहेर काढला. सोयरीक जुळवतानाही दोन्ही पक्ष इतके जपून सरकत नाहीत. बदक दोनदा डुललं आणि स्थिर झालं. दार लावून मी धक्क्यावर उभा राहिलो.

मुलीने माझा दंड धरला. "बाबा, उतरता येत नाही, हे सांगितलंत का त्यांना?"

"त्यांनी विचारलं नाही."

बराच वेळ आतून गप्पांचा आवाज येत होता. मग फक्त जावयाचा. शेवटी बशीएवढ्या खिडकीत साहेबाचा लाल चेहरा दिसला.

"इथे रोज कोण बसतं?"

"सासरे माझे."

साहेबाने मान वाकवून टाकीला टेकलेले आपले गुडघे पाहिले.

"यंत्र आम्हाला हवंय," साहेब म्हणाला. "पण आधी हे बदला. मागे माणूस लागता कामा नये. आणि आत्ता मला कोणीतरी बाहेर काढा."

यातली शेवटची दोन वाक्यं मी गेले कित्येक महिने बोलत होतो. ती साहेबाच्या तोंडून निघाल्यावर जावयाने "बरोबर आहे, सर" म्हणून ताबडतोब मान डोलावली.

कामगार बाहेर हात चालवताहेत आणि जावई आतून ओरडून सांगतोय, अशी विंचची दुरुस्ती सुरू झाली. मुलीने शेडमधली खुर्ची आणून माझ्यापुढे ठेवली.

"बसा बाबा, वेळ लागेल."

"नको गं," मी म्हणालो. "उभा राहतो."